कपलर कळकतो तेव्हा

जुलैतल्या एका रात्री आंबा घाट उतरताना माझ्या गाडीचा उजवा दिवा मंदावला. विझला नाही, पण त्याचा उजेड पिवळट, आजारी झाला. धुकं होतं, पाऊस कोसळत होता, म्हणून आधी वाटलं की काचेवर चिखल बसला असेल. साखरप्याला पोचून काच पुसली, तरी डावा दिवा लख्ख आणि उजवा तसाच. दुसऱ्या दिवशी सकाळी रस्त्याकडेच्या एका वायरमनकाकांकडे गाडी नेली. नवा बल्ब माझ्याजवळ होता, तो मी पुढे केला.

"तो राहू दे डिकीतच," काका म्हणाले. त्यांनी दिवा लावला, पाचेक मिनिटं तसाच ठेवला आणि मला म्हणाले, "आता बल्बच्या पाठीमागचा कपलर धरून बघा. जपून हं." बोट टेकवलं आणि चटका बसला. दिवा बंद करून त्यांनी कपलर ओढून काढला. मूळचं पांढरं प्लास्टिक एका कोपऱ्यात तपकिरी होऊन वितळलं होतं आणि तीन पिनांपैकी एक कोळशासारखी काळी पडली होती. "बल्ब बिचारा चांगला आहे. त्याच्यापर्यंत करंट पोचतच नाही, वाटेतच जळतोय."

गाडीच्या विजेच्या दुखण्यांकडे पाहायचं कसं, ते मी त्या सकाळी शिकलो. आपण बल्ब बदलतो, सेन्सर बदलतो, बॅटरीवर संशय घेतो. तारही सहसा मधेच तुटत नाही. बिघडतो तो सांधा, म्हणजे जिथे एक धातू दुसऱ्या धातूला टेकतो ती नखाएवढी जागा. कंपनीच्या पुस्तकात तिला कनेक्टर म्हणतात, गॅरेजमध्ये कपलर. आत नर-मादी अशी पितळेची किंवा तांब्याच्या दुसऱ्या एखाद्या मिश्रधातूची टर्मिनलं असतात, त्यांना सगळे पिनाच म्हणतात. मीही तसंच म्हणणार आहे.

काकांच्या "वाटेतच जळतोय" या वाक्यामागचा हिशेब सोपा आहे. एच-४ जातीचा नेहमीचा हॅलोजन बल्ब ६०/५५ वॉटचा असतो आणि तो सुमारे ५ अँपिअर करंट ओढतो. धडधाकट कपलरमधला अडथळा ओहमच्या काही हजारांश भागांइतकाच असतो, तो जाणवतही नाही. पण पिन सैल झाली, काळवंडली आणि तोच अडथळा ०.२ ओहमवर गेला, तर? ०.२ ओहम ऐकायला काहीच नाही. एक चौरस मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या तारेत इतका अडथळा यायला जवळपास १२ मीटर तार लागते. ती १२ मीटर तार आता एका पिनेच्या टोकाशी गोळा झाली आहे असं समजा. त्यातून ५ अँपिअर गेले की १ व्होल्ट तिथेच खर्च होतो आणि ५ वॉट उष्णता तयार होते. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याच्या हातात २५ वॉटची डाख द्यायची इस्तरी असते. तिचा पाचवा हिस्सा, बंद प्लास्टिकच्या डबीत, तासन् तास.

एक व्होल्ट कमी झाल्यानं बल्बचं काय बिघडतं, असं वाटेल. हॅलोजनचा उजेड व्होल्टेजच्या प्रमाणात कमी होत नाही, त्याहून फार वेगानं पडतो. व्होल्टेज १० टक्के घटलं तर उजेड ३० टक्क्यांच्या आसपास घटतो. १३ व्होल्टमधला एक गेला की पाव उजेड गेला, दोन गेले की चाळीस टक्क्यांहून अधिक. घाटात मला दिसलेला आजारी उजेड याच हिशेबातला होता.

इथे वाचकाला रास्त प्रश्न पडेल की इतकं तापलं तर फ्यूज का उडाला नाही? कारण फ्यूज करंट जास्त झाला की उडतो. खराब सांध्यानं अडथळा वाढतो, त्यामुळे करंट उलट कमी होतो. फ्यूजच्या दृष्टीनं सगळं आलबेल असतं आणि कपलर मात्र वितळत राहतो. फ्यूज शाबूत आहे म्हणून वायरिंग ठीक आहे, हा समज मनातून काढून टाकावा, कारण गाड्यांना लागणाऱ्या आगींमागे असे तापलेले सांधेही असतात.

आता ती पिन मुळात काळी का पडली, ते पाहू. त्यासाठी आजीच्या स्वयंपाकघरात डोकवायला हवं.

पितळेच्या पातेल्याला कल्हई नसेल आणि त्यात ताक किंवा आमटी राहिली, तर ती कळकते. हिरवट रंग चढतो, चव बिघडते. म्हणून कल्हईवाला यायचा, भांडं तापवायचा, नवसागराची पूड फिरवायचा आणि कथलाचा चकचकीत थर देऊन जायचा. गाडीच्या बहुतेक पिनांवर हीच कल्हई असते. पितळेवर किंवा कांस्यावर कथलाचा पातळ थर असतो आणि काम तेच, आतला धातू कळकू नये. एअरबॅगसारख्या जोखमीच्या जागी, जिथे अगदी बारीक करंटवर भरवसा ठेवायचा असतो, तिथे कथलाऐवजी सोन्याचा मुलामा देतात.

कथलाच्या अंगी एक गुण आणि एक खोड आहे. हवा लागताच त्यावर ऑक्साइडचा पापुद्रा धरतो. हा पापुद्रा कडक आणि ठिसूळ, खालचं कथील मऊ. नर पिन मादीत दाबून सारली की पापुद्रा फुटतो, ताजं कथील ताज्या कथलाला भिडतं आणि करंटची वाट उघडते. हा झाला गुण. खोड पुढे दिसते. इंजिन थरथरतं, रस्ते खड्ड्यांचे, सकाळी गार असलेला कपलर दुपारी तापतो. या सगळ्यानं पिना एकमेकींवर केसाच्या जाडीपेक्षाही कमी अंतरात सरकत राहतात. दर सरकण्याला थोडं ताजं कथील उघडं पडतं, त्याचं ऑक्साइड होतं, पुढच्या सरकण्याला त्याची भुकटी होते आणि ती तिथेच साचते. वर्ष-दोन वर्षांत दोन पिनांच्या मधे काळ्या भुकटीची गादी तयार होते. पाण्याचा थेंब न लागताही हे घडू शकतं.

गॅरेजमधला एक जुना उपाय या माहितीनं उलगडतो. गाडी मधेच बंद पडते, मिस्त्री येतात, एखादा कपलर काढून पुन्हा लावतात आणि गाडी सुरू होते. हा चमत्कार नाही. काढघालीत पिना घासल्या जातात, भुकटी बाजूला होते, नवं कथील भिडतं. पण काही आठवड्यांनी तीच गाडी त्याच दारात उभी राहते, कारण झिजलेली कल्हई परत येत नाही आणि सैल झालेली पकडही. या उपायाचा खरा उपयोग दोष कुठे आहे ते कळण्यापुरता. त्यालाच दुरुस्ती समजू नये.

पकड हा शब्द मी मुद्दाम वापरतो आहे. राग्नार होल्म नावाच्या स्वीडिश शास्त्रज्ञानं आयुष्यभर एकाच गोष्टीचा ध्यास घेतला होता, की दोन धातू टेकतात तेव्हा नेमकं काय होतं. १९४१ साली जर्मनीत या विषयावर त्यांचा ग्रंथ निघाला आणि या विषयाची वार्षिक परिषद आजही त्यांच्याच नावानं भरते. गुळगुळीत दिसणारे पृष्ठभाग सूक्ष्म पातळीवर डोंगरदऱ्यांसारखे असतात. त्यामुळे दोन पिना दिसायला भरपूर जागेत टेकलेल्या असल्या, तरी खरा स्पर्श मोजक्या शिखरांवरच होतो आणि सगळा करंट त्या चिंचोळ्या वाटांनी जातो. दाब वाढला की शिखरं चेपतात, वाटा रुंद होतात. मादी पिनेच्या आतली पात्याची स्प्रिंग हा दाब देते. ती एकदा तापली की तिचा ताठपणा जातो. दाब कमी, अडथळा जास्त, उष्णता आणखी जास्त, स्प्रिंग आणखी ढिली. एकदा का हे चक्र सुरू झालं की ते कपलर वितळेपर्यंत थांबत नाही. म्हणून तापून काळवंडलेली मादी पिन पक्कडीनं चेपून घट्ट करणं व्यर्थ आहे. महिनाभर धरेल, मग पुन्हा सुटेल. ती बदलावीच लागते.

आपल्याकडे यात पावसाची भर पडते, कोकणात खाऱ्या हवेचीही. इंजिनजवळच्या कपलरांना रबरी सील असतात. प्रत्येक तारेभोवती एक लहान रिंग आणि दोन भागांच्या मधे एक मोठी. मग पाणी शिरतं कुठून? इंजिन तापलं की कपलरमधली हवा तापून प्रसरण पावते आणि थोडी बाहेर पडते. अशात गाडी डबक्यातून गेली की कपलर एकदम गार होतो, आतला दाब पडतो आणि सील जरा जरी दुबळा असला तरी कपलर बाहेरचं पाणी शोषून घेतो. आत शिरलेलं पाणी पिनांशीच थांबत नाही. तार अनेक बारीक तंतूंची असते. वातीत तेल चढावं तसं पाणी त्या तंतूंमधून, प्लास्टिकच्या वेष्टणाच्या आतून, पुढे चढत जातं. वरून तार नवीकोरी दिसते, वेष्टण सोलावं तर आत तांबं काळं किंवा हिरवं. समुद्राकाठच्या गाड्यांत हे फार पाहायला मिळतं, कारण मीठ ही सगळी क्रिया भराभर पुढे नेतं.

या बाबतीत माझं एक ठाम मत आहे. सर्व्हिसिंगला दिलेल्या गाडीचं इंजिन जोरदार फवाऱ्यानं धुऊन चकचकीत करण्याची पद्धत बंद व्हायला हवी. ते सील रस्त्यावरून उडणाऱ्या पाण्यासाठी बनवलेले असतात. हातभर अंतरावरून मारलेल्या पिचकारीपुढे त्यांचा टिकाव लागेलच असं नाही. इंजिन ओल्या फडक्यानंही पुसता येतं.

दोष शोधण्याकडे वळू. बहुतेक जण मल्टिमीटर घेतात, ओहमवर लावतात, तारेच्या दोन टोकांना टेकवतात, शून्य दिसतं आणि तार निर्दोष ठरते. इथेच फसगत होते. अडथळा मोजताना मीटर अगदी नाममात्र करंट सोडतो. वीस तंतूंपैकी एकोणीस तुटलेले असले तरी उरलेला एक तेवढा करंट सहज वाहून नेतो. म्हणून सांध्याची परीक्षा कामावर असताना घ्यायची. दिवा चालू ठेवायचा, मीटर व्होल्टवर लावायचा. एक टोक कपलरच्या पाठीमागून, तारेच्या कडेनं, पिनेच्या मुळाशी टेकवायचं आणि दुसरं सांध्याच्या पलीकडे, बल्बच्या पात्याला. मीटर दाखवेल ते त्या सांध्यानं खाल्लेलं व्होल्टेज. चांगल्या सांध्यात ते ०.१ व्होल्टच्या आत असतं. साखरप्याच्या काकांच्या मीटरवर दोनच्या वर आकडा आला होता.

दोन गोष्टी मात्र कटाक्षानं टाळाव्यात. मीटरची जाड सुई मादी पिनेच्या तोंडात खुपसू नये, पात्याची स्प्रिंग कायमची फाकते आणि आपण दोष शोधता शोधता नवा दोष करून ठेवतो. आणि तारेच्या वेष्टणाला सुई टोचून करंट बघू नये. ते छिद्र म्हणजे पुढच्या पावसाळ्याला दिलेलं आमंत्रण. पिनेची पकड तपासायची असेल तर त्याच मापाची एक सुटी नर पिन घ्यावी, एकेका मादीत सारून काढावी. चांगली पिन किंचित अडवते. सैल पिन बोटाला लगेच कळते.

करंट जायची वाट तपासताना त्याची परतीची वाट विसरू नये. गाडीत ही परतीची वाट म्हणजे लोखंडी सांगाडाच. तारेच्या टोकाची वाटोळी कडी बोल्टनं पत्र्याला आवळलेली असते, तिला सगळे अर्थ म्हणतात. त्या कडीखाली गंज धरला की वेडीवाकडी लक्षणं दिसतात. ब्रेक दाबला की इंडिकेटर मंद पेटतो, इंडिकेटर दिला की मागचा दिवा लुकलुकतो. आपली वाट बंद झाली म्हणून करंट शेजारच्या बल्बमधून घरी परततो आहे, एवढाच त्याचा अर्थ. पत्रा आणि कडी घासून चमकवायची, बोल्ट घट्ट आवळायचा आणि वरून ग्रीस लावायचं. अर्ध्या तासाचं काम आहे. त्यापायी अख्खा मागचा दिवा बदललेले लोक मी पाहिले आहेत.

काकांनी माझा कपलर दुरुस्त कसा केला, ते आता सविस्तर सांगतो. दुरुस्तीच्या बऱ्यावाईटाचा सगळा फरक या तपशिलांत आहे.

आधी त्यांनी बॅटरीची ऋण तार सोडली. नेहमी ऋण आधी, कारण धन तार सोडताना पाना चुकून पत्र्याला लागला तर ठिणगी उडते. ऋण आधीच सुटलेली असेल तर ती भीती नाही. मग मोबाइलवर कपलरचा फोटो काढायला लावला, कोणत्या खाचेत कोणत्या रंगाची तार आहे ते दिसेल असा. दुकानातून त्यांनी सिरॅमिकचा एच-४ होल्डर मागवला होता, त्याला वीतभर तारा आधीच जोडलेल्या होत्या. वितळलेला कपलर कापताना त्यांनी कात्री अगदी त्याच्या मुळाशी लावली नाही. तीन बोटं मागे कापलं, वेष्टण सोललं, तांबं पाहिलं. काळपट होतं. आणखी दोन बोटं कापलं. आता तांबं नव्या नाण्यासारखं लाल चमकलं. "इथून पुढे तार जिवंत," म्हणाले. तापलेल्या तारेचं तांबं काळं पडतं आणि वेष्टण कडक होतं. अशा मेलेल्या तुकड्यावर कितीही चांगला जोड दिला तरी तो टिकत नाही. होल्डरबरोबर त्यांनी बल्बही बदलायला लावला. ज्या पात्याशी इतकी उष्णता झाली ते पातंही काळवंडलेलं होतं, आणि काळं पातं नव्या होल्डरची स्प्रिंग पुन्हा जाळायला कारण ठरतं. डिकीतला माझा बल्ब अखेर कामी आला.

मग प्रश्न आला जोड कसा द्यायचा याचा. आपल्या रस्त्यांवर सगळ्यात जास्त दिसणारी पद्धत म्हणजे दोन तारा पिळायच्या आणि काळी टेप गुंडाळायची. गावी पोचेपर्यंत हे चालेल, त्यापुढे नाही. पीळ सैलावतो, इंजिनच्या उष्णतेनं टेपचा चिकटा पातळ होतो, टेप सुटते, पाणी शिरतं. उरले दोन मार्ग, डाख म्हणजे सोल्डर, आणि क्रिम्प.

डाख द्यायला हात बसलेले कारागीर आपल्याकडे भरपूर आहेत आणि चांगला डाख विजेच्या दृष्टीनं उत्तमच असतो. अडचण यांत्रिक आहे. वितळलेला डाख तंतूंमधून थोडा पुढे चढतो आणि तेवढी तार काडीसारखी ताठ होते. ताठ भाग संपून लवचिक भाग जिथे सुरू होतो त्या रेषेवर थरथरीचा सगळा मार बसतो आणि तार तिथेच तुटते. दुसरी अडचण कल्हईवाल्याच्या आठवणीतून कळते. नवसागर भांडं स्वच्छ करतो, पण कल्हई झाल्यावर भांडं धुतलं जातं. तारेचा जोड कोणी धूत नाही. नवसागर किंवा आम्लाची पेस्ट वापरून दिलेला डाख आतल्या आत तांबं खात राहतो. डाखच द्यायचा असेल तर पोटात राळ असलेली डाखतारच वापरावी आणि जोडाच्या दोन्ही बाजू हलणार नाहीत अशा बांधाव्यात.

कारखान्यात गाडीच्या तारांना पिना बसवतात त्या क्रिम्प करून. पिनेच्या शेपटीला पंखांच्या दोन जोड्या असतात. पुढची जोडी उघड्या तांब्याला धरते, मागची वेष्टणाला, म्हणजे ओढ बसली तर ती वेष्टणावर बसावी, तांब्यावर नाही. करंजीच्या कडेला मुरड घालतात तसे हे पंख ठरावीक मापाच्या साच्यात आत मुरडले जातात आणि तंतूंमध्ये रुततात. दाब इतका असतो की गोल तंतू चेपून एकमेकांना बिलगतात, त्यांच्यावरचा ऑक्साइड फुटतो आणि मधे हवेला जागा उरत नाही. हवाच नाही म्हटल्यावर आतला सांधा कळकणार कशानं? अमेरिकेत १९४१ साली अंकस व्हिटेकर यांनी विमानांसाठी आणि जहाजांसाठी डाखाशिवाय बसणारी टर्मिनलं बनवायला कंपनी काढली. ती पुढे एएमपी या नावानं जगभर ओळखली गेली. युद्धाच्या घाईत डाख देत बसायला वेळ नव्हता आणि विमानाची थरथर डाखाला सोसत नव्हती. गाड्यांच्या वायरिंगनंही पुढे हाच मार्ग धरला.

हे सगळे गुण साच्याच्या हत्यारातून येतात, साध्या पक्कडीनं चेपलेल्या पिनेला ते नसतात. पक्कड पंख सपाट करते, आत हवेच्या फटी राहतात, एखादा तंतू बाहेर डोकावतो. रॅचेट असलेलं क्रिम्पिंगचं हत्यार घ्यावं. दाब पूर्ण झाल्याशिवाय ते उघडतच नाही, त्यामुळे हाताच्या जोरावर काही अवलंबून राहत नाही. पिनेचं माप तारेच्या मापाशी जुळायला हवं. ०.५ चौरस मिलिमीटरच्या तारेला २.५ची पिन कितीही दाबली तरी ती पकडत नाही. क्रिम्प झाला की तार हातानं जोरात ओढून पाहावी. निघाली तर बरंच झालं, घाटात निघण्याऐवजी इथे निघाली.

काकांनी तारा नळीच्या आकाराच्या जोडात क्रिम्प केल्या आणि त्यावर आतून गोंद असलेली हीट श्रिंक स्लीव्ह आवळली. गरम हवेनं ती आक्रसते, दोन्ही टोकांना गोंदाची बारीक कडा बाहेर येते. ती कडा दिसली की पाण्याची वाट बंद झाली असं समजावं. स्लीव्ह जोड देण्याआधीच तारेत ओवून ठेवावी लागते. जोड झाल्यावर ती आठवते आणि सगळं पुन्हा कापावं लागतं, हे मी स्वतः दोनदा केलं आहे. तिन्ही तारांचे जोड त्यांनी एकाच रेषेत न घेता मागेपुढे घेतले, म्हणजे गाठ फुगत नाही आणि जोड एकमेकांवर घासत नाहीत. शेवटी तारा होल्डरच्या खाली झोळीसारख्या लोंबत्या ठेवून मग वर नेल्या. तारेवरून ओघळणारं पाणी त्या झोळीच्या तळाशी ठिबकून जातं, होल्डरपर्यंत पोचत नाही. दिवा लावून मीटर टेकवला, तेव्हा ०.०५ व्होल्ट आलं.

अशा वेळी अधिक वॉटचा बल्ब घालण्याचा मोह होतो. ६०च्या जागी १०० वॉटचा बल्ब घातला की करंट साधारण ५ वरून ८ अँपिअरच्या पुढे जातो. सांध्यातली उष्णता करंटच्या वर्गानं वाढते, म्हणजे पावणेतीनपट. त्याच तारा, त्याच पिना. वितळलेले कपलर पाहायला मिळतात त्यातल्या पुष्कळांचं मूळ या बल्बांत असतं. शिवाय समोरच्याच्या डोळ्यांवर अंधारी येते आणि कायद्याचीही त्याला परवानगी नाही.

दिव्याचा कपलर रांगडा असतो. सेन्सरांचे कपलर नाजूक. नव्या गाड्यांत एप्रिल २०१९ पासून एबीएस आलं आणि १ एप्रिल २०२० पासून बीएस-६. त्यामुळे सेन्सर वाढले, त्यांच्याबरोबर कपलरही. तिथे करंट इतका थोडा असतो की वितळण्याचा प्रश्न येत नाही, पण किंचित अडथळ्यानंही संगणकाला चुकीचा आकडा जातो आणि समोर इंजिनचा पिवळा दिवा लागतो. दिवा कधी लागतो, कधी विझतो, गॅरेजमध्ये नेमका लागत नाही. अशा वेळी इंजिन चालू ठेवून एकेक कपलर आणि त्याच्या मागची तार हलकेच हलवून पाहावी. हजारो रुपयांचा सेन्सर मागवण्याआधी ही पाच मिनिटं द्यायलाच हवीत.

अशा कपलरमधली एकच पिन खराब असेल तर तेवढीच बदलता येते. आधी रंगीत दुय्यम कुलूप सरकवून उघडायचं, ते बहुतेकांच्या नजरेतून सुटतं आणि मग जोर लावल्यानं घर फुटतं. मग तार जरा पुढे ढकलायची, म्हणजे पिनेला अडकवून धरणाऱ्या जिभलीवरचं ओझं उतरतं. पुढून पातळ हत्यारानं जिभली दाबायची आणि तार मागे ओढायची. हत्यार विकत मिळतं. छत्रीची काडी घासून पातळ केलेलं हत्यारही मी अनेक मिस्त्रींकडे पाहिलं आहे आणि ते उत्तम चालतं. नवी पिन बसवताना सीलची रिंग क्रिम्पच्या आधी तारेत ओवायची. रिकाम्या खाचांतली रबरी बुचं हरवू द्यायची नाहीत. पिना स्वच्छ करायला कॉन्टॅक्ट क्लीनर आणि मऊ ब्रश पुरतो. पॉलिश पेपर नको. त्यानं मळ निघतो तशी कल्हईही निघते आणि उघडं पितळ पहिल्याच पावसात कळकतं. सोन्याच्या मुलाम्याची पिन असेल तिथे कथलाची घालू नये, ही जोडी लवकर बिघडते.

उंदरांचा विषय टाळून चालणार नाही. त्यांचे पुढचे दात आयुष्यभर वाढत राहतात, म्हणून ते कुरतडतात, आणि पावसाळ्यात इंजिनची ऊबदार, कोरडी जागा त्यांना आवडते. कुरतडलेल्या जुडग्यात दहा-बारा तारा एकाच जागी तुटलेल्या असतात. गाडीचा हार्नेस, म्हणजे तारांचं अख्खं जुडगं, आजही मोठ्या फळीवर तारा अंथरून बराचसा हातानं बांधला जातो, म्हणून अख्खा बदलायचा खर्च फार येतो. दुरुस्ती करता येते, फक्त कष्टाची. दर तारेला तिच्याच मापाचा, तिच्याच रंगाचा तुकडा, दर तुकड्याच्या दोन टोकांना दोन जोड, सगळे मागेपुढे. हे काम घाईनं करून मागणाऱ्यानं ते करून घेऊ नये.

काही ठिकाणी मात्र आपण हात लावायचा नाही. पिवळे कपलर एअरबॅगचे असतात. चुकीच्या जागी मीटर टेकवल्यानं एअरबॅग फुटू शकते. नारिंगी तारा हायब्रिड आणि विजेवरच्या गाड्यांतल्या उच्च दाबाच्या असतात, त्यांच्यापासून जीव जाऊ शकतो. सायलेन्सरच्या वाटेवरच्या ऑक्सिजन सेन्सरची गोष्ट निराळी. त्यातले काही सेन्सर तुलनेसाठी लागणारी बाहेरची हवा स्वतःच्या तारांमधल्या फटींतूनच आत घेतात. त्या तारांना डाख दिला किंवा ग्रीस भरलं की सेन्सरचा श्वास कोंडतो. तिथे तयार कपलरासकट नवा सेन्सरच बसवावा.

आणि एक विनंती. रिव्हर्स कॅमेरा, फॉग लॅम्प, म्युझिक सिस्टिम बसवून घ्याल तेव्हा शेजारी उभे राहा. कंपनीची तार सोलून तिला पीळ देऊन टेप गुंडाळताना दिसले, तर तिथेच थांबवा आणि गाडीच्या कपलरला जुळणारं तयार जोडवायर मागा. बहुतेक गाड्यांसाठी ते मिळतं आणि त्यानं मूळ तारेला कात्री लावावी लागत नाही.

साखरप्याच्या काकांचा होल्डर बसवल्याला आता पाच पावसाळे झाले. गेल्या आठवड्यात दिवा दहा मिनिटं चालू ठेवून मी त्याला बोट लावून पाहिलं. कोमट होता.